निवडायला आधी शाळा हवी

मुलांसाठी शाळा निवडण्याचा हक्क पालकांना द्या, ही मागणी नवी नाही. १९५५ मध्ये मिल्टन फ्रीडमन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने सुचवलं, की सरकारने पैसे थेट शाळेला न देता पालकांच्या हाती व्हाउचर द्यावं. विद्यार्थी मिळवण्यासाठी शाळा आपोआप सुधारतील. चिलीने १९८१ मध्ये हा प्रयोग देशभर केला. पण आसपास निवडण्याजोग्या शाळा आहेत, हे या कल्पनेत गृहीतच धरलंय. सातारा-सांगलीचा इतिहास नेमका इथेच आपल्याला थांबवतो.

शंभर वर्षांपूर्वी इथल्या शेतकऱ्याच्या पोराला पुढे शिकायचं तर गाव सोडावं लागे. मग राहायचं कुठे आणि जेवायचं काय? कोल्हापुरात शाहू महाराजांनी वसतिगृहांना बळ दिलं होतं, पण ती बहुतेक जातवार होती. तिथल्या जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी वेगळी वाट धरली. १९१० च्या सुमारास सांगलीजवळच्या दुधगावात त्यांनी सहकाऱ्यांसोबत सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. किर्लोस्करांचे नांगर विकताना त्यांनी खेडी जवळून पाहिली. ४ ऑक्टोबर १९१९ ला कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू झाली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आली.

साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळे एकाच पंगतीत जेवत. वेगळं बसायचं असेल, तर तिथे जागा नव्हती. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते या बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव मिळालं. ते चालवताना लक्ष्मीबाईंनी दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही. गावोगावच्या बायाबापड्यांनी मूठ-मूठ धान्य दिलं. १९४० मध्ये साताऱ्यात मोफत निवासी हायस्कूल निघालं आणि १९४७ मध्ये शिवाजी कॉलेज. फी परवडत नसेल तर काम करा आणि शिका, ही तिथली रीत होती.

म्हणजे भाऊरावांनी पालकांच्या हाती पावती दिली नाही. त्यांनी शाळा, निवारा आणि भाकरी या तिन्ही गोष्टी एकत्र उभ्या केल्या. यातली एक जरी नसती, तरी बाकीच्या दोन्ही वाया गेल्या असत्या.

आज शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला त्यातून सूट. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल रद्द केला, आणि ते योग्यच झालं. जवळ सरकारी शाळा आहे म्हणून गरिबाचा पर्याय काढून घेणं, यात न्याय नाही.

पण हा निकाल खासगी शाळा जिथे आहेत, तिथेच कामाचा. जावळी-पाटणच्या डोंगरातल्या वाडीवर जिल्हा परिषदेची एकच शाळा असते, आणि पट कमी म्हणून तिच्यावरही बंद होण्याची टांगती तलवार असते. ड्रॉपडाउनमध्ये एकच पर्याय असेल, तर त्याला निवड म्हणत नाहीत. आणि तोही काढला, तर त्या वाडीतली मुलगी शिकण्यासाठी रोज किती चालेल, आणि घरचे तिला किती दिवस चालू देतील?

शाळानिवडीच्या प्रत्येक धोरणाला हा प्रश्न आधी विचारायला हवा.