बुडीत जहाजांचे शोधन : कोकण व गोव्याचा किनारा

बुडीत जहाजांचे शोधन : समुद्राच्या, खाडीच्या अथवा नदीच्या तळाशी पडून राहिलेल्या जहाजांच्या अवशेषांपर्यंत पाणबुड्यांनी जाऊन त्यांचे निरीक्षण, मोजमाप व अभ्यास करणे. पूर्वी या कामाचा हेतू मुख्यतः बुडालेला माल वर काढण्याचा असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यातून सागरी पुरातत्त्व ही ज्ञानशाखा विकसित झाली आणि पुढे पर्यटनाचाही एक प्रकार उदयास आला. या तिन्हींची पूर्वतयारी मात्र बव्हंशी समानच असते. हंगाम, भरतीओहोटी, नौका आणि तांडेल यांची योग्य निवड झाल्याशिवाय तळाशी उतरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ज्या कारणाने जहाज बुडाले, ते कारण बहुधा त्या जागी अद्याप कायम असते. म्हणून जहाजभंगाचा इतिहास हा शोधनाच्या नियोजनाचा पहिला आधार होय.

इतिहास : ग्रीसमधील अँटिकिथेरा बेटाजवळ स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना १९०० मध्ये एका प्राचीन जहाजाचे अवशेष आढळले. त्यांतून मिळालेल्या मूर्ती व दंतचक्रांचे यंत्र यांनी विद्वानांचे लक्ष समुद्रतळाकडे वेधले. १९४३ मध्ये झाक-ईव्ह कूस्तो व एमील गान्यां या फ्रेंच संशोधकांनी पाठीवर वाहून नेता येईल असे श्वसनोपकरण सिद्ध केले. त्यामुळे नौकेवरून नळीवाटे हवा पुरविण्याची आवश्यकता उरली नाही व पाणबुड्यास मुक्तपणे संचार करता येऊ लागला. १९६० मध्ये जॉर्ज बास या पुरातत्त्वज्ञाने तुर्कस्तानच्या गेलिदोन्या भूशिराजवळ जमिनीवरील उत्खननाची शिस्त पाण्याखाली अवलंबून एका जहाजाचे उत्खनन केले. भारतात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत (स्थापना १९६६, दोनापावल, गोवा) शिकारीपूर रंगनाथ राव (१९२२–२०१३) यांच्या नेतृत्वाखाली १९८१ मध्ये सागरी पुरातत्त्वाच्या कार्यास प्रारंभ झाला. द्वारकेच्या समुद्रातील समन्वेषणामुळे हे कार्य सर्वपरिचित झाले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने २००१ मध्ये पाण्याखालील पुरातत्त्वाची स्वतंत्र शाखा स्थापन केली.

गोव्यातील अवशेष : मांडवी व जुवारी नद्यांच्या मुखांसमोर अनेक जलमग्न खडक आहेत. त्यांपैकी सुंची खडकाजवळ केवळ तीन ते सहा मी. खोलीवर एका जहाजाचे अवशेष मिळाले. तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, मार्ताबान पद्धतीचे रांजण व घडीव ग्रॅनाइटचे ठोकळे या वस्तूंवरून ते सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील, पोर्तुगीजांच्या व्यापाराशी संबंधित जहाज असावे, असे अनुमान करण्यात आले. सेंट जॉर्ज खडकाजवळील जहाजाचा काळ ठरविण्यास विटा व कौले उपयोगी पडली. त्यांवर बाझेल मिशनच्या कौलांच्या कारखान्याचा शिक्का आहे. मंगळूर येथील हा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला. अर्थात हे जहाज त्यापूर्वीचे असू शकत नाही. एखादे कौल पर्यटकाने आठवण म्हणून उचलून नेले असते, तर जहाजाची ही ओळखही त्याबरोबर नाहीशी झाली असती. वस्तूइतकेच तिच्या जागेलाही महत्त्व असते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

सुंची येथील अल्प खोली पाणबुड्यास सोयीची वाटली, तरी नौकेच्या दृष्टीने ती धोक्याची असते. ज्या खडकाने मोठे गलबत फोडले, त्याच खडकावर लाटा फुटत असतात. अशा ठिकाणी कमी बुडीची नौका घेऊन ती खडकापासून दूर, वाऱ्याच्या व प्रवाहाच्या दिशेचा विचार करून नांगरावी लागते. नांगर अवशेषांवर पडू नये, याचीही दक्षता घ्यावी लागते; कारण शतकानुशतके टिकलेली वस्तू एका नांगराने क्षणात भंगू शकते.

हंगाम : कोकणच्या नद्या पावसाळ्यात प्रचंड गाळ समुद्रात आणून टाकतात. त्यामुळे किनाऱ्यालगतचे पाणी गढूळ होते आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी समुद्र खवळतो. सामान्यतः नोव्हेंबर ते मार्च हा काळ शोधनास अनुकूल असतो. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या उधाणाच्या भरतीत प्रवाह जोरदार असतात व तळाचा गाळ ढवळला जातो. याउलट अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या भांगाच्या भरतीत ते मंद असतात. म्हणून तिथी पाहून दिवस ठरविण्याची कोळ्यांची पद्धत पाणबुड्यांनाही उपयुक्त ठरते.

या नियमाकडे झालेल्या दुर्लक्षाची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १७ जुलै १९४७ रोजी आषाढ अमावास्येच्या सुमारास मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट वादळी समुद्रात कलंडली आणि सहाशेहून अधिक उतारू मृत्यूमुखी पडले. वाचलेल्यांपैकी अनेकांना रेवस परिसरातील मच्छीमारांनी आपल्या होड्यांत घेतले. पुढे २४ मे २०२२ रोजी, पावसाळा तोंडावर असताना, तारकर्ली (जि. सिंधुदुर्ग) येथे पाणबुडीच्या क्रीडेहून परतणाऱ्या पर्यटकांची नौका किनाऱ्याजवळ उलटून दोघांचा मृत्यू झाला. पाण्याखाली सुखरूप उतरून वर आलेल्या माणसांना परतीच्या अल्पशा प्रवासात संकट ओढवले, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

नौकेची निवड : नौका ही केवळ वाहतुकीचे साधन नसून प्रवाशांच्या सुरक्षिततेची जबाबदारी तिच्यावर असते, ही कल्पना महाराष्ट्रात फार प्राचीन आहे. गोदाकाठच्या पंचवटीपासून जवळच असलेल्या नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा व दाहानुका या नद्यांवर त्याने मोफत नावांची सोय केली आणि दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया उभारल्या, असे त्यात म्हटले आहे. नाव, तीर व उतारू या तिहींची तजवीज एकत्र करावी, हा विचार या लेखात स्पष्ट दिसतो. भाड्याची नौका ठरविताना आजही हीच दृष्टी उपयोगी पडते.

किनाऱ्यावर शोधनासाठी बहुधा मच्छीमारी नौका किंवा पर्यटकांसाठी बांधलेल्या यांत्रिक होड्या भाड्याने मिळतात. त्यांची निवड करताना भाड्यापेक्षा पुढील बाबींना अग्रक्रम द्यावा लागतो : नौकेची नोंदणी व तपासणीचा दाखला, अनुज्ञेय उतारूंची संख्या, प्रत्येकास पुरेल इतकी जीवरक्षक जाकिटे, पाण्यातून वर चढण्यासाठी मजबूत शिडी, प्राणवायूचा साठा व प्रथमोपचार, किनाऱ्याशी संपर्काचे बिनतारी साधन. हवेच्या जड टाक्यांमुळे नौकेचा भार वाढतो. त्या नीट बांधल्या नाहीत, तर लाटेबरोबर एका अंगास सरकून तोल बिघडवितात. म्हणून माणसांच्या संख्येबरोबर साहित्याचे वजनही हिशेबात धरावे लागते. पाणबुडे खाली असताना तांडेलाने नौका सोडता कामा नये. इतर नौकांना इशारा देणारे पांढरे-निळे निशाण उभारणे, तसेच उतरण्यापूर्वी व परतल्यावर माणसांची मोजणी करणे अत्यावश्यक मानले जाते. हवामान प्रतिकूल दिसताच बेत रद्द करण्याचा तांडेलाचा अधिकार सर्वांनी आधीच मान्य केलेला असावा.

पाण्याखालील मर्यादा : दर दहा मी. खोलीस सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो. या दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन, पाणबुड्या वेगाने वर आल्यास, बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो व त्यामुळे पक्षाघात किंवा मृत्यूही ओढवू शकतो. जहाजाच्या बंदिस्त भागात शिरताना एकतृतीयांश हवा जाण्यास, एकतृतीयांश परतण्यास व उरलेली राखीव, असा दंडक आहे. गंजलेले पत्रे, अडकलेली जाळी व तळाचा हलका गाळ यांमुळे अशा भागांत अनुभवी पाणबुडेही वाट चुकतात.

कायदा व नीती : पुरावस्तूंच्या बाबतीत भारतात १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी अधिनियम लागू आहे. जहाजभंगाची व्यवस्था १९५८ च्या व्यापारी नौवहन अधिनियमात होती. २०२५ मध्ये संसदेने त्याऐवजी नवा अधिनियम संमत केला. युनेस्कोच्या २००१ च्या करारात शंभर वर्षे वा अधिक काळ पाण्याखाली असलेले मानवी अवशेष हा सांस्कृतिक वारसा मानला असून, ते शक्यतो जागच्या जागी जतन करावेत व त्यांचा व्यापार करू नये, असे तत्त्व मांडले आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळच्या समुद्रात बुडालेल्या ‘खुकरी’ या युद्धनौकेबरोबर १८ अधिकारी व १७६ नौसैनिकांनी जलसमाधी घेतली. अशी जहाजे ही स्मशानभूमीच होत. तेथे कुतूहलाला मर्यादा पडते.

अलीकडील प्रयत्न : हेतुपुरस्सर जहाज बुडवून कृत्रिम प्रवाळभित्ती निर्माण करण्याची पद्धत अनेक देशांत रूढ आहे. पोलंडमध्ये बांधलेली व १९८५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झालेली ‘गुलदार’ ही नौका जानेवारी २०२४ मध्ये सेवामुक्त झाली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील निवती खडकांजवळ समुद्रतळावर ती बसवून पाण्याखालील संग्रहालय उभारण्याची योजना महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने आखली व २०२५ मध्ये नौका महामंडळाकडे सोपविण्यात आली. अशा जहाजातील तेल व धोकादायक भाग आधीच काढून टाकता येतात, तसेच प्रवेशाचे मार्गही योजनापूर्वक ठेवता येतात. त्यामुळे पर्यटकांची ओढ तिकडे वळली, तर जुन्या व नाजूक अवशेषांवरील ताण कमी होण्याची शक्यता आहे. तथापि तेथे पोहोचण्याचा समुद्र तोच राहणार आहे. उधाण, गाळ व मोसमी वारे यांना नैसर्गिक आणि कृत्रिम अवशेष असा भेद ठाऊक नाही. म्हणून किनाऱ्यावरील तांडेलांचे परंपरागत ज्ञान व नौकांची कसोशीची तपासणी यांवरच या नव्या उपक्रमाचे यश अवलंबून राहील.