ब्रेकची नळी आणि पाठनिष्ठेचा प्रश्न

मोटारीचा इतिहास बहुधा तिच्या वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. ती थांबते कशी, याकडे इतिहासकाराचे लक्ष क्वचितच जाते. आम्हांला येथे जिच्याविषयी लिहावयाचे आहे ती वस्तू तर गाडीखाली वाकून पाहिल्याशिवाय दिसतही नाही : मास्टर सिलिंडरपासून चाकांकडे ब्रेक ऑइल नेणारी, करंगळीहून बारीक अशी पोलादी नळी.

आरंभीच्या मोटारींत पायाचा दाब चाकांपर्यंत पोहोचविण्याचे काम सळया, तरफा आणि तारा करीत. चाकांवर सारखा जोर पडावा म्हणून त्या सतत जुळवाव्या लागत. एखादी सैल पडली की गाडी एका बाजूस ओढली जाई. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकातच सांगून ठेवले होते. ते तत्त्व मोटारीच्या ब्रेकमध्ये रुजविण्याचे श्रेय मुख्यतः अमेरिकेतील माल्कम लॉकहीड यांच्याकडे जाते. (विमानांमुळे ज्यांचे नाव झाले ते त्यांचे बंधू ॲलन.) १९२१च्या ड्यूसेनबर्गमध्ये चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले आणि १९२४मध्ये क्रायस्लरने ते पुष्कळ कमी किमतीच्या गाडीत आणले. हेन्री फोर्ड मात्र अडून बसले. पायापासून चाकापर्यंत सलग पोलाद असण्यातच सुरक्षितता आहे, असा त्यांच्या कंपनीच्या जाहिरातींचा सूर असे. फोर्ड गाडीत हायड्रॉलिक ब्रेक अवतरले ते १९३९च्या मॉडेलपासून. गंमत अशी की पोलाद तेव्हाही हद्दपार झाले नाही. ते फक्त पोकळ झाले.

फोर्ड यांचा हट्ट आम्हांला तितकासा हास्यास्पद वाटत नाही. एका चाकाची सळई तुटली तर बाकीच्या चाकांची आशा उरते. पण सर्व चाकांना एकाच मास्टर सिलिंडरातून, एकाच मंडलातून ऑइल जात असेल, तर कोठेही पडलेले टाचणीएवढे छिद्र चारही ब्रेक घेऊन जाते. दोन स्वतंत्र मंडलांची व्यवस्था १९६०च्या दशकात रूढ होऊ लागली आणि अमेरिकेत १९६८पासून ती नियमानेच बंधनकारक झाली. त्याआधीची घडण असलेल्या गाड्यांची सारी भिस्त त्या एका नळीवर आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४पासून कुर्ल्यात बांधलेली फियाट ११०० डिलाइट ही त्यांतलीच. हिचेच घराणे पुढे ‘पद्मिनी’ नावाने मुंबईची टॅक्सी झाले आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेरीस त्या सेवेतून निवृत्त झाले. हौशी मंडळींनी जपलेल्या गाड्या मात्र आहेत, आणि कोकणपट्टीची खारी दमट हवाही आहे. नळी बाहेरून गंजते ती विशेषतः क्लिपखाली, जेथे चिखल धरून राहतो. आतून गंजते, कारण नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते.

अशी नळी बदलताना जाणता मिस्त्री जुनी नळी शक्यतो अखंड काढतो. ती टाकाऊ झाली तरी नव्या नळीचा आराखडा तीच असते. तिची लांबी, तिची वळणे तिच्यावरूनच उतरवून घ्यायची. नवी नळी कापून कड साफ करायची, नट आधी ओवायचा आणि मगच तोंड फुलवायचे. तोंड फुलवून ते स्वतःवरच पुन्हा दुमडतात, कारण एकेरी फुलवलेली पोलादी कड दाबाखाली चिरते. काही गाड्यांत याऐवजी बुडबुड्यासारखे तोंड असते. एकाच्या जागी दुसरे चालत नाही. वळण साच्यावर द्यायचे, नाहीतर नळी चेपते. ती सायलेन्सरच्या पाइपापासून दूर राहिली पाहिजे. तापून ऑइल उकळले की त्याची वाफ दबते आणि पेडल थेट तळाला जाते. ठरावीक अंतरावर क्लिप हवी, कारण मोकळी नळी थरथरून थकते आणि तुटते. चाक हलते, पोलाद हलू शकत नाही. तेथे रबरी नळीशी सांधा करावा लागतो.

येथे आमच्या व्यवसायाचा एक प्रश्न उभा राहतो. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मूळ काय आणि मागाहून शिरलेले काय, हे त्यांना ओवीओवीगणिक ठरवावे लागले असणार. जुन्या गाडीचा जीर्णोद्धारक त्याच पेचात असतो. तांबे-निकेलच्या मिश्रधातूची नळी गंजाला दाद देत नाही, सहज वळते, आणि व्होल्वोसारख्या कंपनीने ती १९७०च्या दशकातच स्वीकारली. कट्टर मंडळी तरीही पोलादच मागतात, कारण कारखान्यातून गाडी पोलाद घेऊन निघाली होती. आम्हांला हा आग्रह शाईलाच संहिता समजण्यासारखा वाटतो. नळीचा मार्ग हा पाठ. तो विचाराने आखलेला असतो. धातू बदलला तर संहिता बदलत नाही. (निव्वळ तांबे मात्र नको, ते कंपनाने कडक होऊन तडकते.)

मार्गाच्या बाबतीतही निवाडा नेहमी सोपा नसतो. जुन्या गाडीखाली कधीकधी रिकाम्या क्लिपा आढळतात आणि नळी भलत्याच बाजूने गेलेली दिसते. मधल्या काळात कोणा मिस्त्रीने ती तशी वळवलेली असते. तो प्रक्षेप की सुधारणा, हे ठरविण्यापूर्वी तिचे सायलेन्सरपासूनचे अंतर मोजावे लागते.