रोशा गवत : तेल खानदेशचे, नाव परक्याचे

१/ साबण किंवा अत्तराच्या वेष्टनावर घटकांच्या यादीत 'जिरॅनिऑल' हा शब्द अनेकदा दिसतो. नाव जिरेनियम या फुलझाडाचे. पण हा पदार्थ प्रथम वेगळा केला गेला तो एका भारतीय गवताच्या तेलातून. एकोणिसाव्या शतकात त्या तेलाचे एक मोठे केंद्र खानदेश होते.

२/ हे गवत म्हणजे रोशा, संस्कृतातील 'रोहिष'. ते कोरड्या डोंगरउतारांवर वाढते. त्याचे पान चोळले की गुलाबाची आठवण करून देणारा वास येतो.

३/ शास्त्रीय नाव 'सिम्बोपोगॉन मार्टिनी'. कंपनीच्या सेवेतील फ्रेंच सेनानी क्लॉड मार्टिन याने टिपूविरुद्धच्या युद्धात 'बालाघाटा'वरून याचे बी आणून लखनौला पेरले. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग याने त्याचे नाव गवताला दिले. हा बालाघाट मात्र धाराशिवची डोंगररांग नव्हे. घाटावरच्या प्रदेशाला 'बालाघाट' म्हणण्याची रीत दख्खनमध्ये इतरत्रही होती.

४/ खानदेशात गवत फुलोऱ्यावर आले की ओढ्याकाठी भट्ट्या लागत. भांड्यात गवत व पाणी भरून झाकण लिंपले जाई. वाफ बांबूच्या नळीतून थंड पाण्यात बुडवलेल्या भांड्यात उतरे आणि तेल पाण्यावर तरंगे.

५/ कोवळ्या, निळसर फुलोऱ्याच्या गवतास 'मोतिया' म्हणत, पिकून लालसर झालेल्यास 'सोफिया'. मोतियाचे तेल सरस मानले जाई. हे एकाच गवताचे दोन टप्पे नसून दोन वेगळे प्रकार आहेत, हे वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुढे दाखवले.

६/ संधिवातावर हे तेल चोळत. पण खरी मागणी दूरची होती. मुंबईहून तांबड्या समुद्रातील बंदरांमार्गे ते तुर्कस्तानात जाई. तेथे लिंबाचा रस घालून, उन्हात ठेवून ते स्वच्छ केले जाई आणि काझानलिकच्या महागड्या गुलाबतेलात मिसळले जाई.

७/ भेसळ खपे, त्यामागे रसायनशास्त्र होते. १ किलो गुलाबतेलासाठी काही हजार किलो फुले लागतात. त्या तेलातील एक प्रमुख सुगंधी घटक जिरॅनिऑल आहे, आणि मोतिया तेलात तर त्याचेच प्रमाण बहुधा तीन-चतुर्थांशाहून अधिक असते.

८/ तुर्कस्तानातून आलेले म्हणून युरोपात याच तेलाला 'तुर्की जिरेनियम तेल' म्हणत. जिरेनियमशी या गवताचे काही नाते नाही. तरीही १८७१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑस्कर याकोब्सेन याने या तेलातून तो घटक वेगळा केला, तेव्हा बाजारातली चूक शास्त्राच्या नावात कायमची बसली.

९/ या व्यापाराची किंमत डोंगरांनी मोजली. उद्योगाचे मूळ ठाणे पिंपळनेर होते. तेथे गवत दुर्मीळ झाले, तेव्हा भट्ट्या नंदुरबार, शहादा, तळोदा आणि अक्राणीकडे सरकल्या. गवत संपले की ठिकाण बदलायचे, हाच क्रम.

१०/ आज हे तेल जगभर 'पामरोझा' म्हणून विकले जाते. गुलाबाचे नाव त्याला मिळाले, जिरेनियमचे मिळाले, तुर्कस्तानचेही मिळाले. ज्या डोंगरांतून ते गेले, त्यांचे नाव मात्र एकाही बाटलीवर चढले नाही. व्यापाराचा इतिहास वाचताना म्हणूनच माल कोठे विकला गेला याबरोबर तो कोठे उगवला, हेही विचारावे लागते.