पडद्यावरचे मूकनायक आणि वृत्तपत्री परीक्षणे

'फुले' हा हिंदी चित्रपट २०२५ च्या एप्रिलअखेर आम्ही चार-पाच जणांनी हिंजवडीच्या एका मल्टिप्लेक्समध्ये पाहिला. ज्या पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा काढली, त्या पुण्याच्या वेशीपलीकडचे हे गाव. एकेकाळी म्हातोबाच्या बगाडासाठी ओळखले जाणारे, आता संगणकाच्या कंपन्यांसाठी. प्रेक्षागृह निम्म्याहून अधिक रिकामे होते. बाहेर आल्यावर सोबतच्या एका विद्यार्थ्याने मोबाईलवर चार-पाच परीक्षणे वाचून दाखवली. हेतू प्रामाणिक, अभिनय चांगला, पण मांडणी संथ आणि उपदेशपर, असा एकंदर निवाडा होता. तो चुकीचा होता असे मला म्हणवत नाही. चित्रपट जागोजाग भाषण करतो, हे खरेच आहे. पण त्या पोराने विचारले, "सर, हे लिहिणाऱ्यांत आपलं कोणी असेल का?" या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो चित्रपटांहून वृत्तपत्रांचा अधिक आहे.

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. मुंबई इलाख्यातील बहुतेक वृत्तपत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहतात आणि इतरांची त्यांना पर्वा नसते, हे बाबासाहेबांनी त्या अंकातच स्पष्टपणे मांडले. पैसे देऊनही 'मूकनायक'ची जाहिरात 'केसरी'ने छापली नव्हती. ज्या वृत्तपत्रांना आमची जाहिरात नको होती, त्याच वृत्तपत्रसृष्टीत पुढे पंधरा वर्षांत चित्रपट-परीक्षणाचे सदर रुजले. हा संदर्भ सोडून त्या सदराचा विचार करता येत नाही.

१९३५ साली पुण्याच्या प्रभातने 'धर्मात्मा' काढला. व्ही. शांताराम दिग्दर्शक, बालगंधर्व एकनाथांच्या भूमिकेत. त्याचे मूळ नाव 'महात्मा' होते, ते सेन्सॉरला चालले नाही. पुढच्याच वर्षी बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' आला. देविकाराणीची कस्तुरी रेल्वेच्या फाटकावर भांडणाऱ्या दोघा पुरुषांना वाचवण्यासाठी गाडीसमोर धावते आणि मरते. आता तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली होती, आणि १९३६ साली जातिसंस्थेच्या उच्छेदावरचे त्यांचे न झालेले भाषण पुस्तकरूपाने छापून निघाले. बाहेर अस्पृश्य माणूस धर्म सोडण्याची भाषा बोलत होता आणि पडद्यावर अस्पृश्य मुलगी दोघा पुरुषांच्या भांडणात जीव देत होती.

त्या काळचा समीक्षक अगदीच प्रतिगामी होता असे नाही. 'बॉम्बे क्रॉनिकल'चे ख्वाजा अहमद अब्बास चित्रपटाकडे समाजसुधारणेचे साधन म्हणून पाहत. गांधीजी चित्रपटाला दुर्गुण मानतात म्हणून १९३९ मध्ये त्यांनी 'फिल्मइंडिया'तून गांधीजींना अनावृत पत्रही लिहिले. त्यांची तळमळ खरी होती. पण सुधारणेच्या त्या मोजपट्टीत अस्पृश्यता वाईट आहे एवढे म्हटले की चित्रपट उत्तीर्ण होई. हे कोण म्हणतो आणि कोणाच्या तोंडून म्हणवतो, हा प्रश्न त्या मोजपट्टीवर नव्हताच.

अपवाद सांगितला पाहिजे. १९५४ मध्ये आचार्य अत्र्यांनी 'महात्मा फुले' काढला. बाबुराव पेंढारकर जोतीराव, सुलोचना सावित्रीबाई. मुहूर्ताला स्वतः बाबासाहेब गेले होते, आणि चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. पण त्यातून मराठी पडद्यावर परंपरा म्हणावी असे काही उभे राहिले नाही. पाचच वर्षांनी आलेल्या बिमल रॉय यांच्या 'सुजाता'त अस्पृश्य मुलीला आईची माया मिळते ती रक्त दिल्यानंतर. माणूस म्हणून स्वीकार व्हायला आधी रक्त तपासून द्यावे लागते!

खरी गंमत सत्तरच्या दशकात आहे. समांतर चित्रपट आला, फिल्म सोसायट्या उभ्या राहिल्या, वृत्तपत्रांत जाणकार लिहू लागले. 'अंकुर' (१९७४) मधला किष्टय्या मुकाबहिरा आहे. 'आक्रोश' (१९८०) मधला आदिवासी लहाण्या भिकू जवळजवळ सबंध चित्रपटभर गप्प आहे. त्याच्या वतीने बोलतो, तडफडतो तो वकील कुलकर्णी. सत्यजित राय यांच्या 'सद्गती'त (१९८१) दुखी लाकूड फोडता फोडता मरतो. हे तिन्ही चित्रपट मोठे आहेत, त्यांचे मोठेपण मी नाकारत नाही. ओम पुरी यांचे डोळे 'आक्रोश'मध्ये जे बोलतात ते संवादाला जमले नसते. पण शोषिताच्या मौनाला त्या मंडळींनी जी दाद दिली, ती दाद शोषिताच्या बोलण्याला का मिळत नाही? त्याच काळात आमचे कवी आणि आत्मकथनकार मराठीत तोंड उघडून बोलत होते, आणि त्यांना 'प्रचारकी', 'आक्रस्ताळे' अशी विशेषणे लागत होती. बाबासाहेबांच्या पत्राच्या नावात 'मूक' होता तसा 'नायक'ही होता. पडद्याने त्यातला पहिला शब्द उचलला आणि दुसरा खाली ठेवला.

'अंकुर'च्या शेवटी एक लहान पोरगा जमीनदाराच्या खिडकीवर दगड मारतो. चाळीस वर्षांनी, २०१४ च्या फेब्रुवारीत, नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' प्रदर्शित झाला आणि त्याच्या शेवटी कैकाडी समाजातल्या जब्याने दगड भिरकावला तो थेट कॅमेऱ्यावर. पहिला दगड जमीनदाराला लागला. आपण टाळ्या वाजवून घरी गेलो. दुसरा प्रेक्षकाला लागला, म्हणजे पहिल्या रांगेत बसलेल्या समीक्षकालाही. माझ्या मते मराठी परीक्षणाची भाषा इथे पहिल्यांदा अडखळली. डुक्कर बांधून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, जोतीराव, सावित्रीबाई, शाहू महाराज दिसतात, त्या चौकटीबद्दल 'संयत', 'हृद्य' असले शब्द वापरून भागेना.

तरी जुनी सवय जात नाही. 'कोर्ट'चे (२०१४) कौतुक वाचताना मला न्यायालयाचा कंटाळवाणेपणा कसा टिपला आहे हेच पुन्हा पुन्हा वाचायला मिळाले. लोकशाहीर नारायण कांबळे उभे करणारे वीरा साथीदार नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते होते, 'विद्रोही'चे संपादक होते. 'नवखा अभिनेता' एवढ्यावर त्यांची बोळवण झालेली मी वाचली. ते २०२१ मध्ये गेले. 'झुंड'च्या (२०२२) परीक्षणांत लांबीची तक्रार होती. तीन तासांच्या आसपासचा चित्रपट, तक्रार गैरवाजवी नाही. पण अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर उभे आहेत आणि वस्तीत जयंतीचा जल्लोष चालू आहे, हे दृश्य हिंदी पडद्यावर यायला इतकी वर्षे का लागली, हे विचारायलाही दोन ओळी लागतातच.

'फुले'चेही तसेच. ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला, तो यायचा होता. महाराष्ट्रातील काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले. सेन्सॉर मंडळाने 'महार', 'मांग', 'पेशवाई' असे शब्द काढायला सांगितल्याचे जाहीर झाले. आणि चित्रपट २५ एप्रिलला आला. त्या विद्यार्थ्याने वाचून दाखवलेल्या परीक्षणांत संथपणा होता, ही कात्री नव्हती. ज्या चित्रपटातून जातींची नावे काढायला लावतात, तो जातीबद्दल मोघम बोलतो ही तक्रार कोणाकडे करायची?

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे. १९९६ मध्ये बी. एन. उनियाल या पत्रकाराने दिल्लीतील अधिस्वीकृत पत्रकारांत दलित कोणी सापडतो का हे शोधले आणि त्यांना एकही सापडला नाही. २०१९ च्या ऑक्सफॅम-न्यूजलाँड्री अहवालात वृत्तमाध्यमांतील नेतृत्वाच्या १२१ जागा तपासल्या. १०६ सवर्णांकडे, अनुसूचित जाती-जमातींकडे एकही नाही. मी त्याला हे आकडे सांगितले.

पण सगळा दोष तिकडे टाकून मोकळे होता येणार नाही. साठच्या दशकाच्या अखेरीपासून आमच्या नियतकालिकांनी कवितेवर, आत्मकथनावर, कथेवर लढून लढून समीक्षा उभी केली. शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ मध्ये दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्रच मांडले. या काळात चित्रपटाला आम्ही किती पाने दिली? करमणूक म्हणून सोडून दिला, आणि वस्तीतला माणूस मात्र पुस्तकापेक्षा चित्रपटच अधिक पाहत राहिला. शिवाय आपला विषय आला की चित्रपट चांगलाच म्हणायचा, ही आणखी एक खोड. 'फुले' मला फिका वाटला हे मी त्या रात्री वाकडच्या पुलाखाली बसची वाट पाहत असताना सांगितले, तेव्हा बरोबरच्या एका कार्यकर्त्याला राग आला. त्या विद्यार्थ्याने मात्र वही काढली आणि कुठे फिका वाटला ते विचारले. शाळेवर शेण फेकण्याच्या प्रसंगापासून आम्ही सुरुवात केली. बस येईपर्यंत त्याची दोन पाने भरली होती.