प्रथिनाच्या माथ्यावरचा पत्ता

पेशीत तयार झालेलं प्रथिन योग्य ठिकाणी पोहोचतं कसं? प्रथिनाच्या आरंभीच पत्ता असावा, असा तर्क न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात गुंटर ब्लोबेल आणि डेव्हिड सबातिनी यांनी १९७१ मध्ये मांडला. हाती पुरावा मात्र नव्हता. १९७५ मध्ये ब्लोबेल आणि बर्नहार्ड डोबरस्टाइन यांनी परीक्षानळीत उंदराचा संदेशवाहक आरएनए, सशाचे रायबोसोम आणि कुत्र्याच्या स्वादुपिंडातली पटलं एकत्र केली. प्रथिन पटलापार गेलं, पत्त्याचा तुकडा कापला गेला! मला नवल वाटतं ते याचं, की उंदराचा पत्ता कुत्र्याच्या पटलाला वाचता आला. १९९९ चं नोबेल ब्लोबेल यांना मिळालं. पेशीतल्या इतर कप्प्यांचे पत्ते वेगळे. एका आनुवंशिक आजाराच्या काही रुग्णांत यकृतातलं एक विकर पेरॉक्सिसोमऐवजी मायटोकाँड्रियात जातं आणि मूतखडे होतात.