नमुना २६ मधला रकाना

विधानसभेचे अर्ज दाखल होऊ लागले की रत्नागिरीत, चिपळुणात, राजापुरात निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीबाहेरच्या फलकावर उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे लागतात. त्यांना ‘नमुना २६’ म्हणतात. पानोपानी उमेदवाराची सही आणि नोटरीचा शिक्का. आधी नाव, पत्ता, पॅन. मग प्रलंबित फौजदारी प्रकरणांचा तक्ता. एफआयआर क्रमांक आणि पोलीस ठाणे, खटल्याचा क्रमांक, न्यायालयाचे नाव, कलमे, गुन्ह्याचे थोडक्यात वर्णन, आरोप निश्चित झाले असतील तर ती तारीख. ज्याच्यावर काही नाही तो ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहितो. रकाना कोरा सोडायची सोय नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बजावले आहे.

फलकापाशी थांबणारे लोक मात्र पुढची पाने आधी उलटतात. गाड्या किती, सोने किती तोळे, बायकोच्या नावावर काय. वर्तमानपत्रांतही दुसऱ्या दिवशी तेच ठळक छापून येते. गुन्ह्यांचा रकाना त्या मानाने दुर्लक्षित राहतो. तो तिथवर कसा पोचला हे पाहिले, तर आपल्या लोकशाहीत गुन्हेगारी कोणत्या दाराने आत आली तेही कळते. त्या वाटेचा एक मोठा तुकडा आमच्या कोकण किनाऱ्यावरून जातो.

पहिली पन्नास वर्षे हा रकानाच नव्हता. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ८ होते आणि आजही आहे. काही ठरावीक गुन्ह्यांत दोषी ठरलेला, किंवा दोन वर्षांहून कमी नाही अशी शिक्षा झालेला माणूस अपात्र ठरतो. अपात्रतेची ही सगळी मांडणी शिक्षेवर उभी आहे. गुन्हेगार असेल तर न्यायालय त्याला वेळेत शिक्षा करील, हे त्यात गृहीत धरले होते. कायदा करणाऱ्यांचा न्यायालयांवर विश्वास होता, आणि समोरची माणसेही तशी होती. आमच्या राजापूर मतदारसंघाने १९५७ पासून बॅरिस्टर नाथ पै यांना आणि त्यांच्यानंतर १९७१ पासून सलग पाच वेळा मधु दंडवते यांना लोकसभेत पाठवले. मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर जगणाऱ्या या मुलखाला उमेदवाराचे पोलीस रेकॉर्ड विचारायची गरज पडली नव्हती.

त्याच काळात त्याच किनाऱ्यावर दुसरा धंदा वाढत होता. साठच्या दशकात सोन्यावर नियंत्रण आले, १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा झाला, आणि दुबईतला भाव व मुंबईतला भाव यांत फरक पडला. त्या फरकावर माणसे मोठी झाली. माल उतरवण्याला ‘लँडिंग’ म्हणत. मोठे गलबत खोल पाण्यात थांबायचे, लहान होड्या रात्री खाडीत शिरायच्या, माल डोक्यावरून नाहीतर बैलगाडीतून वर यायचा आणि ट्रक पहाटेच्या आत घाटाला लागायचा. यात सर्वांत महत्त्वाचे काम माल उचलण्याचे नव्हतेच. कस्टमचा माणूस त्या रात्री दुसरीकडे असावा आणि नाक्यावरच्या पोलिसाने ताडपत्री वर करू नये, ही व्यवस्था करणारा माणूस खरा मोलाचा. गुन्हेगारी इथे सरकारी यंत्रणेची किंमत ठरवायला शिकली. मतपेटीशी तिचा संबंध नंतर आला, पण त्याचा पाया या खाड्यांत घातला गेला असे माझे मत आहे.

बाहेरच्या माणसाला रत्नागिरी आणि गुन्हेगारी म्हटले की खेड तालुक्यातले मुंबके आठवते, कारण दाऊद इब्राहिमचे घराणे तिथले. वडील मुंबई पोलिसांत हवालदार. मुंबक्यातल्या त्या जमिनींचे लिलाव १९७६ च्या ‘साफेमा’ या तस्करांची मालमत्ता जप्त करण्याच्या कायद्याखाली होतात. जानेवारी २०२४ मध्ये १५ हजार ४४० रुपये राखीव किंमत असलेल्या एका लहानशा तुकड्याला दोन कोटींहून जास्त बोली लागली, तेव्हा सगळ्या वाहिन्या खेडात पोचल्या. एका घराण्याच्या जमिनीची अशी बातमी होते. किनाऱ्यावरून गेलेल्या पैशाने राजकारणाचे काय केले, याची होत नाही.

मुंबईत राजकारण आणि हिंसा यांची गाठ आधीच पडली होती. ५ जून १९७० रोजी लालबागमध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्या खटल्यात शिवसैनिकांना शिक्षा झाल्या. रिकाम्या जागेच्या पोटनिवडणुकीत देसाईंच्या पत्नी सरोजिनी यांचा थोड्या मतांनी पराभव झाला आणि शिवसेनेचा पहिला आमदार विधानसभेत गेला. आणीबाणीत हाजी मस्तानसारखे तस्कर तुरुंगात गेले, सुटल्यावर जयप्रकाश नारायणांसमोर धंदा सोडल्याची शपथ घेतली, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यात मस्तान जोगेंद्र कवाडे यांच्यासोबत पक्ष काढून राजकारणात उतरला. त्याला मते फारशी मिळाली नाहीत. पण तोवर राजकारण्याला पैसा पुरवणारा माणूस स्वतःच मते मागायला उभा राहिला, ही गोष्ट तेव्हा घडली.

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. रत्नागिरीच्या गावागावांत त्याचे परिणाम पोचले, कारण गिरणगावातल्या खोल्या आमच्याच माणसांनी भरल्या होत्या. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि बहुतेकांना ती नोकरी पुन्हा मिळाली नाही. मनीऑर्डरी थांबल्या. चाळीत वाढलेल्या, हाताला काम नसलेल्या पोरांना ज्यांनी काम दिले त्यांत टोळ्याही होत्या. संप करणाऱ्या कामगारांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. ज्यांनी गिरण्या मरू दिल्या आणि पुढे त्या जमिनींचे सोने केले, त्यांच्या हिशेबात ही पोरे धरायला हवीत.

भायखळ्याच्या दगडी चाळीतला अरुण गवळी याच गिरणगावातून वर आला. १९९७ मध्ये त्याने अखिल भारतीय सेना काढली, २००४ मध्ये चिंचपोकळीतून तो आमदार झाला, आणि २००७ मध्ये झालेल्या शिवसेनेचे नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांच्या खुनाबद्दल २०१२ मध्ये त्याला जन्मठेप झाली. उल्हासनगरच्या पप्पू कलानीचे प्रकरण मला त्याहून बोलके वाटते. १९९० मध्ये तो काँग्रेसच्या तिकिटावर आमदार झाला. पुढे टाडाखाली तुरुंगात असतानाही निवडून आला. १९९० च्याच एका खुनाबद्दल कल्याणच्या न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली ती २०१३ मध्ये. मधल्या तेवीस वर्षांत कलम ८ च्या दृष्टीने त्या खुनापुरता तो स्वच्छच होता. मतदाराला काही विचारायचे असेल तर शिक्षेची वाट पाहून भागणार नाही, हे या एका खटल्याने दाखवून दिले.

दिल्लीला जाग आली ती पुन्हा याच किनाऱ्यामुळे. जानेवारी १९९३ मध्ये आमच्या शेजारच्या रायगड जिल्ह्यात दिघीला आणि फेब्रुवारीत श्रीवर्धनजवळ शेखाडीला माल उतरला. या खेपेला त्यात शस्त्रे आणि आरडीएक्स होते. दिघीचा माल घेऊन निघालेल्या गाड्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवल्या होत्या. तिथेच सौदा ठरला, लाचेचे तारण म्हणून चांदीच्या विटा ठेवल्या गेल्या, आणि गाड्या पुढे सोडल्या. १२ मार्चच्या मुंबईतल्या स्फोटांत २५७ माणसे मेली. खटल्यात पोलीस आणि कस्टमचे वरिष्ठ अधिकारीही दोषी ठरले. त्या फाट्यावरच्या पोलिसांनी सोने-चांदी समजून नेहमीसारखे पैसे घेतले असतील, तरी त्यांचा गुन्हा तसूभर कमी होत नाही. तीस वर्षे ज्या सवयीने सोने सोडले, त्याच सवयीने मृत्यूला वाट दिली.

त्या जुलैत केंद्रीय गृहसचिव एन. एन. व्होरा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. टोळ्या, नोकरशहा आणि राजकारणी यांचे साटेलोटे समांतर सरकार चालवण्यापर्यंत गेले आहे, असे गुप्तचर यंत्रणांचे म्हणणे तिने ऑक्टोबरमध्ये नोंदवले. अहवाल जवळपास दोन वर्षे दडून राहिला. जुलै १९९५ मध्ये दिल्लीत नैना साहनी हत्याकांडाचा गदारोळ झाला, तेव्हा कुठे ऑगस्टमध्ये तो संसदेपुढे आला, तोही दहा-बारा पानांचा. ज्यात नावे असतील ते तपशील आजपर्यंत लोकांसमोर आलेले नाहीत, आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उघड करायला नकार दिला.

सरकार नावे सांगत नाही, तर उमेदवारालाच विचारावे, हा मार्ग काढला अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी. त्रिलोचन शास्त्री, जगदीप छोकर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ‘एडीआर’ ही संस्था काढून दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेणे हा मतदाराचा हक्क आहे. तेव्हा एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एकत्र आले आणि निकाल बोथट करणारा कायदा झाला. १३ मार्च २००३ ला न्यायालयाने त्यातले मुख्य कलम रद्द केले. रकाना कायम झाला. २०१८ मध्ये आणखी आदेश आला की उमेदवाराने आपले गुन्हे वर्तमानपत्रातही छापावेत, आणि २०२० मध्ये पक्षांना सांगितले गेले की असा उमेदवार का निवडला याची कारणे द्या, नुसते ‘निवडून येण्याची क्षमता’ हे कारण चालणार नाही.

आणि तरीही एडीआरच्या हिशेबानुसार २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभेत २८६ पैकी १८७ आमदारांनी, म्हणजे ६५ टक्क्यांनी, आपल्यावर गुन्हे असल्याचे स्वतः लिहून दिले आहे. ११८ जणांवरचे गुन्हे गंभीर स्वरूपाचे. लोकसभेत हे प्रमाण २००९ मध्ये ३० टक्के होते, २०२४ मध्ये ४६.

रत्नागिरीत बसून हे आकडे वाचताना मला एक अडचण जाणवते. या रकान्यात मोर्चा आणि खंडणी शेजारी शेजारी बसतात. जैतापूरच्या अणुप्रकल्पाला विरोध करणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणाला आडव्या झालेल्या बाया-माणसांना पोलिसांनी उचलले. त्यांतले कुणी उद्या उभे राहिले तर त्यांच्या नमुना २६ मध्ये कलमांची ओळ लागेल. गावोगाव जमिनी गोळा करणाऱ्याच्या रकान्यात ‘निरंक’ असू शकते. खाडीतल्या लँडिंगचा पैसा गेला, आता कोकणातला पैसा सातबाऱ्यावर आहे. प्रकल्प जाहीर होण्याआधी कातळ स्वस्तात घ्यायचा आणि मोबदल्याच्या वेळी मालक म्हणून पुढे यायचे, हे नाणार-बारसूत लोकांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे. प्रतिज्ञापत्रात स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता लिहावी लागते. मेहुण्याची आणि ड्रायव्हरची नाही.

६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांची बातमी छापून आली. रिफायनरीची बाजू घेणाऱ्या आणि गुन्हे दाखल असलेल्या एका जमीन व्यावसायिकाची छबी फलकावर पंतप्रधान, मुख्यमंत्री व उपमुख्यमंत्री यांच्यासोबत झळकत असल्याचे त्यांनी लिहिले होते. त्याच दिवशी महामार्गावर त्यांच्या दुचाकीला मोटारीने चिरडले आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. मोटार त्याच माणसाची होती आणि तोच ती चालवत होता, हा पोलिसांचा आरोप आहे. रकान्यात न मावणारी एक नोंद वारिशे यांनी बातमीत करून दाखवली होती. आरोपी उमेदवार नव्हता, म्हणून त्याच्याकडून कुणी नमुना २६ मागितला नसता.

प्रतिज्ञापत्रात खोटे लिहिले किंवा माहिती दडवली तर कलम १२५अ नुसार जास्तीत जास्त सहा महिने कैद आहे, आणि एवढ्या शिक्षेने उमेदवारी जात नाही. विधी आयोगाने फेब्रुवारी २०१४ मध्ये २४४ व्या अहवालात सुचवले की ही शिक्षा किमान दोन वर्षे करावी, ती झाल्यास माणूस अपात्र ठरावा, आणि पाच वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायालयाने आरोप निश्चित केले की तिथेच उमेदवारी थांबावी. त्यानंतर तीन लोकसभा निवडून आल्या. कायद्यात आजही सहा महिनेच आहेत.