फळ्या, बर्फ आणि चौतिशीतला विद्यार्थी

दर जानेवारीत आपल्या वर्तमानपत्रांत दावोस हे नाव झळकतं. मुख्यमंत्री तिकडे जातात, सामंजस्य करारांचे मोठमोठे आकडे छापून येतात आणि मग महिनाभर त्या आकड्यांवरून वादावादी चालते. ती बैठक १९७१ साली सुरू झाली. मला मात्र दावोस म्हटलं की गुंतवणूक वगैरे काही आठवत नाही. मला आठवतो तो जाडजूड मिश्यांचा एक धिप्पाड डॉक्टर, पायांना लांबलचक फळ्या बांधलेला आणि बर्फात पालथा पडलेला!

हा डॉक्टर म्हणजे आर्थर कॉनन डॉयल. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शेरलॉक होम्स भालबा केळकरांच्या मराठीतून वाचला असेल. मीही तसाच वाचला. डिसेंबर १८९३ मध्ये डॉयलने त्या होम्सला स्वित्झर्लंडमधल्याच रायशेनबाख धबधब्यात ढकलून दिलं, आणि वाचक खवळले. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच सुमारास त्याच्या घरात काय चाललं होतं, ते फारसं कुणी सांगत नाही.

त्या वर्षी ऑक्टोबरात त्याचे वडील गेले. त्याच सुमारास बायको लुईझा (घरचे तिला टूई म्हणत) हिला क्षय असल्याचं निदान झालं. डॉक्टरांनी काही महिन्यांचीच मुदत दिली. यातला दैवदुर्विलास असा की डॉयल स्वतः डॉक्टर, आणि क्षयाबद्दल अगदीच अनभिज्ञ नव्हता. रॉबर्ट कॉखने क्षयावर औषध सापडल्याचं १८९० साली जाहीर केलं तेव्हा हाच माणूस तडक बर्लिनला गेला होता, आणि ते औषध म्हणजे बरं होण्याची खात्री नव्हे, जपून राहा, अशा अर्थाचं लिहून परतला होता. त्याचं म्हणणं खरं ठरलं. खरं औषध, म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन, यायला पुढे १९४३ साल उजाडावं लागलं.

तोवर उपाय एकच, हवापालट. आपल्याकडे पाचगणीला पाठवत, युरोपातले लोक दावोसला पाठवत. दावोस १,५६० मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडंसंच उंच, पण तिथला हिवाळा कोरडा, लख्ख उन्हाचा. रोग्यांनी गच्चीत पांघरुणं घेऊन तासन् तास पडून राहायचं, हीच चिकित्सा. स्टीव्हन्सनने 'ट्रेझर आयलंड' तिथेच पुरी केली, तोही छातीच्या दुखण्यासाठीच आला होता. टूईला घेऊन डॉयल तिथे पोचला आणि हिवाळा सुरू झाला.

आता विचार करा. बायको आरामखुर्चीवर. तिच्यासाठी करण्यासारखं काही नाही, कारण काही न करणं हेच औषध. सकाळी लिखाण उरकलं की पुढे अख्खा दिवस आणि समोर डोंगरभर बर्फ. वय चौतीस. क्रिकेट, फुटबॉल, मुष्टियुद्ध सगळं खेळलेला गडी. त्याने नॉर्वेहून स्की मागवल्या.

इथे एक गैरसमज दूर करते, इतिहासाच्या बाईंची खोड म्हणा! डॉयलने स्वित्झर्लंडला स्कीइंग शिकवलं असं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. त्या भागात आपणच स्की आणल्या असा सूर त्याने स्वतःही म्हातारपणीच्या आत्मचरित्रात लावला आहे. ते तितकंसं खरं नाही. ग्लारुस गावात १८९३ सालीच स्की क्लब निघाला होता. खुद्द दावोसमध्ये टोबियास आणि योहानेस ब्रांगर हे दोघे भाऊ डॉयलच्या आधीपासून शिकत होते. लोक हसतात म्हणून ते म्हणे अंधार पडल्यावर सरावाला जात. दोन कर्ते पुरुष, रात्रीच्या वेळी, गुपचूप, फळ्यांवरून पडायला जाताहेत! मला तर ही गोष्ट डॉयलच्या गोष्टीपेक्षाही आवडते. मोठेपणी काही शिकायचं तर पहिली अडचण हातापायांची नसते, बघणाऱ्यांची असते.

दुसरी अडचण मात्र हातापायांचीच. मी बर्फ आयुष्यात एकदाच पाहिला, रोहतांगला, तोही भाड्याचे गमबूट घालून. तेव्हा पुढचं सगळं वाचून समजून घेतलेलं आहे. तेव्हाच्या स्की फार लांब असत, अडीच-तीन मीटरच्या. बूट फक्त चवड्याशी वादीने अडकवायचा, टाच मोकळी. सपाटीवर चालायला आणि नॉर्वेतल्या सौम्य टेकड्यांना हे उत्तम. पण आल्प्सचा उतार म्हणजे कडाच. तिथे टाच आडवी सरकते, फळी भलतीकडे जाते आणि माणूस तिसरीकडे. त्यात मोठ्या माणसाचं शरीर घाबरलं की मागे झुकतं. उतारावरून घसरताना कुणीही मागेच झुकेल. पण मागे झुकलं की स्कीचं पुढचं टोक हलकं होतं, वळवणं हातात राहत नाही आणि वेग वाढतच जातो. म्हणजे ज्या दरीची भीती वाटते, तिच्याकडेच अंग झुकवायला शिकायचं! लहान मूल जमिनीच्या जवळ असतं, पडायची त्याला सवय असते आणि दरीचा हिशोब त्याच्या डोक्यात नसतो. म्हणून ते आठवड्यात शिकतं. मोठ्या माणसाला आधी कळतं, मग भीती वाटते, आणि जमतं ते सगळ्यात शेवटी.

डॉयलने या पडण्यावर झकास विनोदी लिहिलं आहे. प्रतिष्ठा जरा जास्तच अंगात भिनलेल्या माणसाला हा खेळ सुधारेल, असा त्याचा अभिप्राय. शिकताशिकता तो ब्रांगर बंधूंबरोबर याकोबसहॉर्न या डोंगरावर जाऊन आला आणि २३ मार्च १८९४ रोजी तिघं मायेनफेल्डर फुर्का ही सुमारे २,४४० मीटर उंचीची खिंड ओलांडून पलीकडच्या अरोसा गावी निघाले. ब्रांगर आदल्या वर्षी ती ओलांडून आले होते. हिवाळ्यात एरवी या दोन गावांमध्ये जायचं तर मोठा वळसा पडे.

पहाटे चारच्या सुमारास निघाले. चढ चढले, खिंड गाठली. उतरताना एक कडा असा आला की ब्रांगरांनाही तो पायात स्की घालून उतरणं अशक्य वाटलं. मग दोन्ही फळ्या एकत्र बांधायच्या, त्यावर बसायचं, टाचा बर्फात रोवायच्या आणि घसरत जायचं असं ठरलं. डॉयलने टाचा जरा जास्तच जोरात रोवल्या. तो मागे फेकला गेला आणि त्याची वाहनं बाणासारखी सुटून दोघा भावांच्या बाजूने सणसणत खाली नाहीशी झाली. उरलेला कडा साहेबांनी बसल्याबसल्या, विजारीवर उतरला. हॅरिस ट्वीड कधी झिजत नाही असं त्याच्या शिंप्याचं मत होतं. ते निव्वळ पुस्तकी असल्याचं सिद्ध झालं आणि त्या दिवसभर साहेब भिंतीला पाठ लावूनच सुखी होते!

साडेअकराच्या सुमारास ते अरोसात पोचले, लोकांच्या अपेक्षेपेक्षा बरेच लवकर. हॉटेलच्या नोंदवहीत टोबियासने तिघांची नावं लिहिली आणि डॉयलच्या नावापुढे व्यवसाय लिहिला 'श्पोर्टेसमान'. खेळाडू. ना डॉक्टर, ना लेखक. डॉयलला याचा कोण आनंद झाला! डिसेंबर १८९४ च्या 'स्ट्रँड' मासिकात हा सगळा वृत्तांत आला. याच मासिकाने वर्षापूर्वी होम्सचा मृत्यू छापला होता. एक दिवस शेकडो इंग्रज केवळ स्कीसाठी इथे येतील, असं भाकीत त्याने त्यात केलं, आणि ते पुरतं खरं झालं.

आता माझा प्रश्न. बायको मरणाच्या छायेत असताना हा गृहस्थ बर्फात खेळत होता, याला काय म्हणायचं? वाचणाऱ्यांना हे खटकतं. पुढे १८९७ साली दुसऱ्या एका स्त्रीवर त्याचं मन बसलं, टूईच्या मृत्यूनंतर त्याने तिच्याशी लग्न केलं, त्यामुळे तर जास्तच. मलाही खटकलं असतं, जर माझ्यावर ती वेळ आली नसती तर.

माझं वय सत्तावन्न असताना आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. पहिले सहा महिने मी घराबाहेर पडले ते फक्त औषधांसाठी. मग एक दिवस पालिकेच्या तलावावर बायकांच्या सकाळच्या वर्गात नाव घातलं, पोहायला. का, ते तेव्हाही सांगता आलं नसतं. सकाळचा एक तास, तेवढा वेळ धाकटी जाऊ घरी बसायची. आळीत बोललं गेलंच. नवरा अंथरुणाला खिळलाय आणि ही बाई ह्या वयात तलावात उड्या मारते. शिकवणारी मुलगी माझ्या विद्यार्थिनींच्या मुलीच्या वयाची. ती ओरडायची, "काकू, पाणी धरू नका हो, पाणी धरता येत नाही!" मी मात्र महिनाभर पाणी धरतच होते.

त्या एका तासात मला दुसरं काही सुचत नसे. नाकातोंडात पाणी जात असताना माणसाला रक्तदाबाच्या गोळ्या आठवत नाहीत. घरी आले की हे डाव्या हाताने खूण करून विचारायचे, आज किती? मी सांगायची, अर्धी रुंदी. त्यांना त्यात माझ्यापेक्षा जास्त रस होता. ज्या दिवशी पुरी रुंदी पार केली त्या दिवशी त्यांनी शब्द जुळवून जुळवून सांगितलं, "आता... लांबी."

टूई त्या हिवाळ्यात गच्चीतून काय बघत होती, नवरा पांढरा होऊन परतला की हसत होती का, याबद्दल तिच्या तोंडचं मी काही वाचलेलं नाही. पण काही महिन्यांची मुदत दिलेली ती बाई पुढे जवळजवळ तेरा वर्षं जगली, ४ जुलै १९०६ पर्यंत. दावोसच्या हवेने, शुश्रूषेने, की नशिबाने, देव जाणे. मी डॉयलला त्या हिवाळ्यापुरता तरी दोष देत नाही.

असो. डॉयल गंमत म्हणून शिकला. मोठ्या माणसांना शिकवता कसं येईल याचा खरा विचार केला तो दुसऱ्याच एका माणसाने, आणि तो आमच्या पेशातला! माथियास झ्दार्स्की. जन्म १८५६ चा, मोराव्हियातला. शिक्षण शिक्षकाचं, शिवाय चित्रकला-शिल्पकलेचा नाद. ऑस्ट्रियात लिलिएनफेल्डजवळ एकांतात राहायचा. नान्सेनने १८८८ साली स्कीवरून ग्रीनलँड ओलांडलं, त्याचं पुस्तक वाचून याने नॉर्वेहून स्की मागवल्या. तेव्हा वय तिशी ओलांडून गेलेलं. आजूबाजूला बघून शिकावं असा एकही माणूस नाही. मग याने हिवाळ्यामागून हिवाळे एकट्याने प्रयोग केले. फळ्या कापून आखूड केल्या, टाच आडवी सरकणार नाही असं पोलादी बंधन बनवलं, हातात एकच काठी. फळीचं मागचं टोक बाहेर ढकलून वेग आवरायचा, ही त्याची मुख्य युक्ती. आजही नवशिक्याला पहिल्या दिवशी दोन्ही टोकं जुळवून नांगरासारखा आकार करायला शिकवतात, ते याच घराण्यातलं.

१८९६ साली त्याचं पुस्तक निघालं. मग त्याने वर्ग सुरू केले, तेही फुकट. कारकून, अधिकारी, बायका, कुणीही यावं. शिस्त मात्र कवायतीची. १९ मार्च १९०५ रोजी मुकेनकोगेल डोंगरावर त्याने ८५ फाटकांमधून वळत उतरण्याची शर्यत घेतली. २४ जण उतरले, त्यात एक बाई होती, मिझी आंगेरर. मला तर ती शर्यतीपेक्षा वार्षिक परीक्षाच वाटते. नॉर्वेकर त्याच्या आखूड फळ्यांना आणि एका काठीला नाकं मुरडत. तोही भांडायला कमी नव्हता, चांगले शिक्षक बहुधा थोडे भांडखोर असतातच.

त्याचाच एक शिष्य, मेजर थिओडोर फॉन लेर्ख, जपानला गेला आणि १२ जानेवारी १९११ पासून ताकादा गावात तिथल्या लष्करी अधिकाऱ्यांना शिकवू लागला. तेही सगळे प्रौढ नवशिके, आणि तेही एकाच काठीवर. जपानात १२ जानेवारी हा स्कीचा दिवस मानतात. आपल्याकडे गुलमर्गला १९२७ साली गोऱ्या अंमलदारांनी स्की क्लब काढला. आज तिथे आणि औलीला आपली मुंबई-पुण्याची नोकरदार मंडळी रजा काढून शिकायला जातात. माझा भाचा पंचेचाळिसाव्या वर्षी औलीला जाऊन आला, पहिले तीन दिवस फक्त पडायला आणि उठायला शिकलो म्हणाला.

झ्दार्स्कीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. पहिल्या महायुद्धात तो सैन्याला डोंगरातल्या धोक्यांबद्दल सल्ला द्यायला गेला. फेब्रुवारी १९१६ मध्ये हिमकडा कोसळला, त्याखाली तो सापडला. अंगात ऐंशीच्या आसपास हाडं मोडलेली किंवा निखळलेली. वय साठ. त्याने स्वतःच स्वतःसाठी व्यायाम ठरवले, आणि ज्या चिकाटीने फळ्या शिकला होता त्याच चिकाटीने पुन्हा उभं राहायला, मग चालायला शिकला. त्यानंतर तो आणखी चोवीस वर्षं जगला. १९४० साली, चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेला.